तुमच्या सिंगापुरात

आबा, मी सिंगापूरला जाऊन आले. राहायला नव्हे. व्हिएतनामला जाताना वाटेत विमान बदलायचं होतं, तर लेक म्हणाली, दोन दिवस थांबा, शहर बघून घ्या. तुमची ही नात तुम्ही कधी पाहिली नाही. ती पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून कुठंही जाते. आम्ही दोघं शाळेतून निवृत्त झालो तसं तिनं तिच्या मोठ्या पाठपिशव्या आमच्या पाठीवर चढवल्या आणि बजावलं, टूरबिर काही नाही, तुमचे तुम्ही जायचं. इंदापूरच्या स्टँडवर आम्हाला त्या अवतारात बघून ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, "सर, गडावर निघालात का?" ह्यांनी मान डोलावली. सिंगापूर म्हणाले असते तर त्याला थट्टाच वाटली असती.

तिथं आम्ही उतरलो ती जागा म्हणजे पोरांचं वसतिगृहच होतं. एकावर एक पलंग, प्रत्येकाला एक पडदा, मोरी सगळ्यांची मिळून. ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून वरचा पलंग मी घेतला. ह्या वयात शिडी चढून झोपायला जाताना मला इतकं हसू येत होतं की खालून हे म्हणाले, "बाई, वर्ग शांत ठेवा." आबा, लग्नानंतर आम्ही कुठंच गेलो नव्हतो. तुम्ही मला घराबाहेर काढलंत, ह्यांच्या घरच्यांनी ह्यांना. त्यानंतर इंदापुरात एक खोली, एक स्टोव्ह, मग बीएड, मग नोकऱ्या, मग लेक. फिरायला जायचं असतं हे आम्हाला सुचायलाच तीस वर्षं लागली. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही चकचकीत मेट्रोतून उगाच ह्या टोकाकडून त्या टोकाला गेलो आणि परत आलो. तुमची आठवण एकदाही आली नाही. हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्याच्या कडेला गेलो. तिथं सिंहाच्या तोंडाचा एक पांढरा मासा आहे, तोंडातून पाणी सोडतो, सगळं जग त्याच्यासमोर फोटो काढत उभं असतं. त्या गर्दीत मागून आवाज आला, "अगं, हितं चा कुठं मिळंल का न्हाय?" मी गर्रकन वळले. पांढरी टोपी, धोतर आणि पायात नवे कोरे बूट घातलेले एक म्हातारे गृहस्थ, शेजारी त्यांची बायको. मी लगेच ओळखलं. साखर कारखान्याच्या कॉलनीतले आपले शेजारी, साखर शिजवायच्या विभागातले तुमचे दोस्त, तात्या. त्यांच्या मुलानं त्यांना कुठल्याशा टूरबरोबर पाठवलं होतं. मी पुढं होऊन सांगितलं, "तात्या, मी फिटर आबांची थोरली." मला वाटलं होतं, ते चक्रावतील. कुठलं भवानीनगर आणि कुठं हे. पण तात्यांना जराही नवल वाटलं नाही.

"आगं बया! व्हय की!" ते म्हणाले. "कवाधरनं म्हणतोय हिला, सिंगापुरात आलोय तर आपल्या फिटरची पोरगी गावंल का कुठं. तू हितंच असतीस न्हवं?"

मला वाटलं, वयानं काहीतरी गोंधळ होतोय. "नाही तात्या, आम्ही फिरायला..."

त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "एकविसाव्या मजल्यावर ऱ्हातीस. तुझा बाप सांगायचा, वरनं बघितलं की माणसं मुंगीवानी दिसत्यात. नातू झाला तवा आख्ख्या मिलमधी पेढं वाटलं त्यानं. केवढा झाला आता? आन् हे जावईबापू व्हय? फलटणकडचं इंजिनेर, आपल्यातलंच." त्यांनी ह्यांच्यापुढं हात जोडले.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. पाठीवर लेकीची निळी पिशवी, कपाळावर घाम. ज्यांच्या जातीचं नाव तुम्ही घरात उच्चारू दिलं नाहीत, ज्यांना तुम्ही दारात पाणीसुद्धा विचारलं नाहीत, त्याच ह्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार तात्या. हो, मीच."

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. कारखान्याच्या चीफ इंजिनिअरांचा मुलगा आम्ही लग्न केलं त्या वर्षी सिंगापूरला गेला होता, कॉलनीत त्याचीच चर्चा होती. तुम्ही ते नाव तिथूनच उचललं असणार. लेक पळून गेली म्हणण्यापेक्षा परदेशी गेली म्हणणं सोपं. मी आपल्याच तालुक्यात, एसटीनं तासाभराच्या अंतरावर मुलांना पाढे शिकवत होते आणि तुम्ही मला समुद्रापार नेऊन ठेवलं. एकविसाव्या मजल्यावर घर दिलंत, नवरा बदललात. नात झाल्याचं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार, म्हणजे खबर ठेवत होता. पण पेढे वाटताना तिचा मुलगा केलात. तुमच्या सिंगापुरातही मुलगी चालली नाही, आबा?

तात्या बोलतच होते. "तुझी आई गेली तवा लई वाईट वाटलं बघ. बाप म्हणला, पोरीला इमानाचं तिकीट न्हाय मिळालं, थांबून उपेग न्हाय. मग उरकलं."

तिथं शेजारी दगडी पायऱ्या होत्या, मी त्यांवर बसले. पाणी पडतंय, लोक हसतायत, आणि मी आई गेली तेव्हाच्या भवानीनगरच्या कॉलनीत उभी आहे. आईचा दहावा होऊन गेलाय आणि मला आज कळलंय, तेही भवानीनगरजवळच्या अंथुर्ण्याहून शाळेत येणाऱ्या एका बाईंकडून. मी तशीच निघून आलेय. वाळत घातलेल्या कपड्यांवर मिलच्या चिमणीतली, उसाच्या भुशाची काजळी पडलीय. तुम्ही दार अर्धंच उघडता. अंगात मिलचे कपडे, नखांत ग्रीस. ह्याच हातांनी तुम्ही लहानपणी मला खांद्यावर घेऊन ऊस गिळणारे ते मोठे रूळ दाखवले होते, आई आजारी असली की ह्याच हातांनी पिठलं करायचात, आणि ते आईच्या पिठल्यापेक्षा चांगलं व्हायचं. मी म्हणते, "आबा, मला कळवलं का नाही?" तुम्ही माझ्याकडं बघत नाही. शेजारच्या खिडक्यांकडं बघता. म्हणता, "झालं ते झालं. कुणी बघायच्या आत जा. मागच्या रस्त्यानं जा." आणि मी ऊसगाड्यांच्या त्या चाकोऱ्यांतून रडत रस्त्याला लागते. इतकी वर्षं मी समजत होते की तुमचा राग इतका मोठा होता की आईच्या तोंडात पाणी घालायचा हक्कही तुम्ही काढून घेतलात. रागाचं मला समजत होतं. राग माणसावर असतो. पण तो राग नव्हताच. सिंगापूरहून माणूस तासाभरात येत नाही, एवढाच हिशोब होता.

"तात्या," मी म्हणाले, "मी इथं कधीच राहिले नाही. काल पहिल्यांदा आले. मी इंदापूरला असते, लग्न झाल्यापासून. हे इंजिनिअर नाहीत, शिक्षक आहेत. फलटणचेही नाहीत आणि आपल्यातलेही नाहीत. मला मुलगा नाही, मुलगी आहे."

ह्यांनी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. तात्या माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं, मग बायकोकडं बघत राहिले. "काय म्हणती गं ही?"

काकी खाली बघत म्हणाल्या, "खरं हाय त्ये."

"तुला ठावं हुतं?"

"सगळ्या बायकांना ठावं हुतं. इंदापूरच्या बाजाराला आमी जात न्हवतो व्हय? पर तुमच्या दोस्ताच्या तोंडावर बोलायचं कुणी?" मग त्या माझ्याजवळ पायरीवर बसल्या. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, हलका, सुकलेला. "तुझी आई जायच्या आदल्या दिशी मी तिच्यापशी हुते. ती तुझ्या बापाला म्हणली, इंदापूर काय लांब हाय, हाक मारा तिला. घरात चार माणसं हुती. तुझा बाप म्हणला, तिकीट काढायला सांगितलंय. तुझ्या आईनं भिंतीकडं तोंड केलं."

मी विचारलं, "काकी, तुम्ही तरी निरोप का नाही धाडला?"

"भ्याले," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचा जीव अडकलाय ह्ये दिसत हुतं, तरी भ्याले."

तेवढ्यात त्यांच्या टूरवाल्या मुलानं झेंडा हलवून हाका मारायला सुरुवात केली. तात्यांना उठवेना. ह्यांनी त्यांना हात दिला, बसपर्यंत पोचवलं, वाटेत कुठून तरी दोघांसाठी चहाही मिळवून दिला. तात्यांनी ह्यांचा फोन नंबर मागून घेतला. मी पायरीवरून हलले नाही.

परत आल्यावर हे म्हणाले, "गेलेल्या माणसाला उघडं पाडून काय मिळालं तुला?"

"आणि तुम्हाला पुसून टाकलं होतं त्याचं काय?" मी म्हणाले. "माझ्या जागी, तुमच्या जागी त्यांनी दुसरी माणसं बसवली होती. तुम्ही त्या दुसऱ्या माणसाच्या वतीनं नमस्कार करता?"

"म्हाताऱ्याला सकाळी सकाळी दुखवायचं नव्हतं मला."

"मला कुणीही दुखवलेलं चालतं तुम्हाला."

मग आम्ही दिवसभर बोललो नाही. पाहायच्या होत्या त्या बागा राहिल्या. एका वस्तीतून चालत होतो. उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर खिडकीतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर कपडे वाळत होते, स्वच्छ, कुठं काजळीचा ठिपका नाही. तुम्ही वर्णन केलेलं सगळं इथं खरंच होतं, ह्याचा मला फार संताप आला. एक बाई वरून चादर झटकत होती. माझ्याच वयाची असेल. मनात आलं, हिचे वडील कुठं असतील, आणि ते लोकांना हिच्याबद्दल काय सांगत असतील. व्हिएतनामला गेलो, तिथं काय पाहिलं ते मला आता नीट आठवतही नाही. लेक फोटो मागते. मी म्हणते, बाबांच्या फोनमध्ये आहेत.

आबा, तुम्ही मला मेली म्हणाला असतात तर बरं झालं असतं. मेलेल्या मुलीसाठी लोक निदान हळहळतात. तुम्ही मला सुखी करून टाकलंत. सुखी मुलीची आठवण काढून कोण रडणार? आईला माझ्यासाठी कुणासमोर रडताही आलं नसेल. तिनं भिंतीकडं तोंड केलं, ह्याच्यापुढं माझं मन जातच नाही. रोज तिथंच येऊन थांबतं.

आज हे पत्र लिहायला बसले, कारण सकाळी तात्यांचा फोन आला होता. हे दूध आणायला गेले होते, फोन मी घेतला. तात्या म्हणाले, "पोरी, मला झोप न्हाय. म्या लोकांना खोटं सांगत आलो, तुझ्या बापाच्या शब्दावर. आता कॉलनीत आमच्यातली थोडीच माणसं उरल्यात. त्यांना खरं काय ते सांगून टाकू का? तू म्हण, आज सांगतो." असं कुणी तरी विचारावं म्हणून मी किती वर्षं थांबले होते. मोठ्यानं हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "नको तात्या. राहू द्या."

ते मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, ठेवणारही नाही. मी नको का म्हणाले ते मला सांगता येत नाही. तुमच्यावर माया आली म्हणून नक्कीच नाही. हे दूध घेऊन आले, कुणाचा फोन होता म्हणून विचारलं. मी म्हणाले, राँग नंबर.