दगडांसाठी कूलर

बाबा, तुमच्या नमुन्यांच्या खोलीतला कूलर यंदा ऐन उन्हाळ्यात बंद पडला. मी शाळेतून येऊन नुकतीच चपला काढत होते, तेवढ्यात मायचा फोन आला. तिचा आवाज ऐकून मला वाटलं, कोणी तरी गेलं. "मोटर जळली वो बाई, आत्ताच्या आत्ता मिस्त्री घेऊन ये, खोली तापून राहिली," म्हणे. मी म्हटलं, माय, त्या खोलीत तू झोपत नाहीस, मी झोपत नाही, आत तुझ्या नवऱ्याचे खाणीतले काळे दगड पडलेत, त्यांना काय ऊन लागणार आहे? तर ती फोनवरच रडायला लागली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्याच्या तोंडी त्या कूलरचं गवत न चुकता बदललं जात होतं. स्वतःच्या खोलीतला पंखा करकरतो, तो तिने कधी दुरुस्त केला नाही. मी समजत होते, नवऱ्याची आठवण आहे, जपते बिचारी. मला त्याचं कौतुकच होतं.

मिस्त्री म्हणाला, मोटर आतून काढावी लागते, खोली उघडा. मायने पदराची किल्ली सोडली, पण ती माझ्याकडे बघेना. दार उघडलं आणि मिस्त्री उंबऱ्यावरच थांबला. "म्याडम, हे का हाय?" म्हणाला. मीही पहिल्यांदाच बघत होते. भिंतीभर लाकडी फळ्या, फळ्यांवर धानाची तणस अंथरलेली आणि त्या तणसीवर आडव्या निजवलेल्या बाटल्या. जाड काळपट काचेच्या, फ्रान्सच्या, इटलीच्या, काहींवरची सालं माझ्या जन्माच्याही आधीची. कोपऱ्यातल्या टेबलावर धुतलेल्या रुमालावर एक उंच दांड्याचा ग्लास पालथा घातलेला. बाजूला बुचं काढायचा स्क्रू, त्याची लाकडी मूठ तुमच्या हाताने गुळगुळीत झालेली. दगड एकही नव्हता. मी मिस्त्रीला सांगितलं, औषधं आहेत, जुनी. किती पटकन आलं तोंडातून.

तुम्हाला आठवतं का, दादा आणि मी गच्चीवर झोपायचो. तुम्ही आठवडाभर नाकाडोंगरीकडे खाणीच्या क्वार्टरमध्ये आणि शनिवारी साकोलीला घरी. घरात कूलर एकच, आणि तो त्या खोलीच्या खिडकीत. गच्ची तापलेली, आम्ही तिच्यावर पाणी मारतो, चादर ओली करून अंगावर घेतो, माय पुठ्ठ्याने वारा घालते आणि खाली तो कूलर घरघरत असतो. एकदा दादाने विचारलं, "बाबा, गोट्याले कायले कूलर लागते?" तुम्ही रागावला नाहीत. त्याला मांडीशी घेऊन समजावलंत, की मँगनीज जमिनीच्या पोटात थंडाव्यात असतं, वर आणलं की उन्हाने तडकतं, मग नमुना बाद होतो आणि साहेबाची नोकरीही. आम्हाला ते पटलं. खाणीच्या मुलखातली माणसं आम्ही, आमच्या आळीतही सगळ्यांना पटलं. पुढे लोडशेडिंग आलं तेव्हा तुम्ही इन्व्हर्टर घेतला आणि तोही त्याच खोलीला जोडला. बाबा, मी विज्ञान शिकवते. मी वर्गात फळ्यावर लिहून मुलांना सांगितलंय, मँगनीजचे नमुने थंड जागी ठेवावे लागतात. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे नोकरीला आहेत, आणि त्यांच्या डोक्यात तुमची थाप आहे.

त्या कूलरमध्ये पाणी दादा भरायचा. हातपंपावरून बादल्या आणायच्या आणि बाहेरच्या बाजूने ओतायच्या, आत जायचं नाही. सकाळ-संध्याकाळ. त्याचे तळहात बघा, अजून घट्टे असतील. ज्या वर्षी गोंदिया आपल्या जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच उन्हाळ्यात तो शहापूरला दोस्ताच्या लग्नाला गेला आणि बिअर पिऊन आला. एक बाटली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. विहारात नेहमीसारखे तुम्ही पुढे बसलात. पंचशील तुम्ही आधी म्हणायचं आणि आम्ही सगळ्यांनी मागून, ही आपली रीत. पाचव्या, दारूपासून दूर राहण्याच्या शीलापाशी तुम्ही थांबलात. मागे वळून दादाला उभं केलंत. "हे म्हणायचा हक्क या पोराले नाही," म्हणालात, "ज्याच्या तोंडाले वास येते, त्याच्यासाठी माझ्या घराचं दार बंद." म्हाताऱ्या बायांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, असा बाप पाहिजे. मी तिथेच बसले होते आणि माझी मान ताठ होती. वाटलं, माझे बाबा पोटच्या पोरालाही सोडत नाहीत.

घरी आल्यावर दादाने पिशवी भरली. आजही मला तो अंगणात दिसतो, मायच्या तोंडाकडे बघत उभा. ती एक शब्द बोलली असती तर तो थांबला असता. मायने काय केलं? बादली उचलली आणि कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. मला वाटलं रडू लपवायला गेली. दादा गोंदियाची गाडी पकडून गेला, तिकडेच राहिला, तिकडेच संसार मांडला. तुम्हाला पोचवायला आला तेव्हासुद्धा अंगणातूनच परत फिरला. मीच म्हटलं, आत तर ये. तर म्हणतो, "नाही बाई, त्याईनं दार बंद केलं तं बंद. बाबा कडक होते, पन खरे होते." त्या लग्नानंतर त्याने थेंब घेतलेला नाही. तिकडच्या विहारात आता तो पुढे बसतो, तो आधी म्हणतो आणि बाकीचे मागून.

मिस्त्री नवी मोटर बसवून गेल्यावर मी मायला समोर बसवलं. माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणे, "होतं." कधीपासून? "पयलेपासून. खानीत गोरे साहेब मशिनी बसवाले आले होते, त्याईनं पयली बाटली देल्ली. मंग चस्का लागला. कलकत्त्याले मिटिंगले गेले का आनत." आणि दादाला हाकललं तेव्हा? ती बोटाने चटई कोरत बसली. "तवा बी माहीत होतं. पन त्याईचं नाव होतं वो गावात. बाईमानसानं का म्हनाव?" मग माझी समजूत घालायला म्हणून म्हणाली, "रोज नाही पेत. एखांद्या इतवारी, एवढीसी. पुनवेले तं कधीच नाही." बाबा, हे ऐकून मला हसू आलं आणि मग ते हसू काही केल्या थांबेना. पुनवेला तुम्ही पीत नव्हतात. दादा मात्र पुनवेच्या आदल्या दिवशी प्यायला, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

मी ठरवलं, ही घाण घरात नको. ओळखीतून नागपूरचा एक माणूस मिळाला, जुनी वाइन घेतो, मोठ्या हॉटेलांना पुरवतो. सरकारी परवानगीचे सगळे सोपस्कार त्यानेच केले. पावसाळा लागल्यावर आला, बारीक टॉर्च घेऊन. एकेक बाटली उचलायचा, मानेपाशी उजेड धरून आतला रंग बघायचा, बुचावरून अंगठा फिरवायचा आणि लेकरू ठेवावं तशी परत तणसीवर ठेवायचा. मला वाटत होतं, म्हणेल, सगळं सडलंय. मला तसंच हवं होतं. आमच्याकडच्या उन्हात पत्रे वाकतात, तिथे ही काय टिकणार? तो टॉर्च विझवून म्हणाला, "ताई, मी मुंबईतल्या बंगल्यांमध्येसुद्धा अशी ठेवलेली पाहिली नाही. गारवा कधी तुटलेला नाही, बुचं कोरडी पडलेली नाहीत. ज्यांनी ठेवली त्यांनी फार जीव लावला." मी म्हटलं, हो, फार. आमच्या वाटणीचाही तिकडेच लावला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे, तो हसला.

तुम्ही प्यायलात याचं मला काही नाही, खरंच नाही. माणूस आहे, पितो. आम्हाला सांगितलं असतं तर मीच चणे-फुटाणे भाजून दिले असते. पण तुम्ही बाटलीला गारवा दिलात आणि लेकराला उन्हात काढलंत, तेही शीलाचं नाव घेऊन, चार लोकांत, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवलात. मला आठवतं, त्या दिवशी दोडक्याची भाजी होती आणि तुम्ही परत वाढून घेतली. मी तुमची बाजू घेऊन आयुष्यभर भांडले, बाबा. दादाच्या बायकोशी भांडले, नवऱ्याशी भांडले, सासरी कोणी प्यायलं की तुमचं उदाहरण दिलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असेल.

खोली रिकामी झाली. आलेल्या रकमेतली निम्मी दादाची, यात मला शंका नव्हती. मायने हात जोडले, "त्याले नको सांगू वो, मी गेल्यावर सांग." मी म्हटलं, आता तुझंही ऐकणार नाही. सगळं सांगायचं ठरवूनच फोन लावला. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, पाढे पाठ करावे तसे. दादाने फोन उचलला, मागे लोकांचा आवाज होता. विहारात होता, पौर्णिमेची तयारी चालली होती. म्हणाला, "बोल बाई, आज बाबाईची लय आठवन येऊन राहिली होती." मी म्हटलं, दादा, बाबांची खोली उघडली. तो हळूच म्हणाला, "नमुने निंगाले?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि म्हणाले, हो. नमुने निघाले. नागपूरचा एक माणूस घेऊन गेला, चांगली किंमत आली. "गोट्याची?" म्हणाला. म्हटलं, चांगले जपले होते ना, तडकले नव्हते. तर दादा हसला हो, लहान पोरासारखा. "मंग? पानी कोन भरे?" म्हणाला. त्याला इतका आनंद झालेला मी कधी ऐकला नव्हता. फोन ठेवता ठेवता म्हणाला, पैशाचं राहू दे, पण त्यातला एक नमुना माझ्यासाठी ठेवला असशील तर दे, घरात ठेवीन, पोरांना दाखवीन. मी हो म्हटलं.

तुम्ही आधी म्हणायचं आणि मी मागून म्हणायचं, ती सवय काही सुटलेली नाही. हे कागद मी कुठे पाठवणार, पाठवायला पत्ताही नाही, आणि मायच्या हाती लागले तर ती चुलीत घालेल. रविवारी मी तुमसरवरून नाकाडोंगरीला जाणार आहे. तिकडे खाणीच्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेले काळे दगड पडलेले असतात. त्यातला एक बरासा बघून उचलीन, घासून धुईन आणि तुमच्या फळीवरची तणस अजून आहे थोडी, तिच्यात गुंडाळून दादाला नेऊन देईन.