डोमकावळ्याच्या पिशव्या

सेक्टर २२, चंदीगड
शुक्रवार, ८ जानेवारी १९८८

पूज्य दादा,

तुम्हाला आणि नलिनीवहिनींना आम्हा तिघांचा नमस्कार. पत्र मंगळवारी पोचले. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडल्याचे वाचून बरे वाटले. इथे धुके इतके आहे की दूधवाल्याची सायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते.

मुख्य मुद्द्याचे उत्तर आधी देतो. विश्वासचे स्थळ उत्तम आहे. मुलाविषयी वा घराविषयी माझी हरकत नाही. मात्र नयना मार्चमध्ये सांगलीला येणार नाही. पुण्याची माझी बदली वर्षभर पुढे ढकलावी, असा अर्ज मीही कार्यालयात दिला आहे आणि तो मंजूर होईल असे दिसते.

कारण विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ते नयनाचे काम, इतकेच. पक्ष्यांच्या उवांवर कसली डॉक्टरी, असे वहिनींनी विचारले आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आरंभी मलाही तसेच वाटले होते. पण दिवाळीपासून रविवारी मी तिच्याबरोबर पिंजौरला जातो, त्यामुळे थोडे समजावून सांगू शकतो. बहुतेक पक्ष्यांच्या उवा आपापल्या असतात. पारव्याची ऊ मैनेवर टिकत नाही. गावकावळा आणि डोमकावळा यांच्या पिसांतली एक ऊ मात्र भिंगाखाली हुबेहूब सारखी दिसते. ती एकच जात की दोन, हे नुसत्या दिसण्यावर ठरवता येत नाही. पेशीतली गुणसूत्रे पाहावी लागतात, आणि त्यासाठी ऊ जिवंत हवी. गावकावळ्याचा भाग नयनाची मैत्रीण कुलवंत हिने पुरा केला आहे. डोमकावळ्याचा नयनाकडे आहे. एक भाग दुसऱ्यावाचून निरर्थक. कुलवंत तुम्हाला आठवेल. तुम्ही इथे गणपतीला आला होतात तेव्हा ताकाबरोबर पुरणपोळी खाणारी.

कामाची रीत कडक आहे. जाळ्यात सापडलेला पक्षी त्याच्या स्वतंत्र पिशवीत ठेवायचा, तिथेच त्याची पिसे विंचरायची, मग त्याला सोडून पिशवी गाठ मारून आणायची. वापरलेली पिशवी उकळल्याशिवाय दुसऱ्या पक्ष्याला लावायची नाही. पिशव्या लेकीसाठी शशिकला शिवते. कापड पांढरी मलमल आहे, फार चांगली.

गेल्या रविवारी डोमकावळ्यांबरोबर, ताडून पाहायला लागणारे गावकावळेही मिळाले. परतताना नाक्यावर बस थांबवली. शिपायाने एक पिशवी सोडली, आत काळी पिसे पाहून तो मागे सरला.

"ये क्या है जी? टोना-टोटका?"

"जुएँ हैं," नयना म्हणाली. "कौओं की. पढ़ाई के लिए."

"जुओं की पढ़ाई? मेरे घर आ जाओ बीबी, तीनों बच्चों के सिर पर कॉलेज खुला है."

बस हसली. पण हुकूम तो हुकूम. त्याने सगळ्या पिशव्या एकाच वर्तमानपत्रावर उलट्या केल्या. रिकामी पिशवी उचलून झटकायची आणि तिची घडी घालायची, असे एकेक करून नयनाने सगळ्या आवरल्या. शिपायाचे हसणे थांबले होते.

घरी आल्यावर मी सुचवले, पिसे ओळखू येतात, वेगळी करू.

"पिसं ओळखू येतील, बाबा. पर जुएँ चलती हैं ना." मग म्हणाली, "दोन कंत्राटांची व्हाउचरं मिसळली, तर तुम्ही अंदाजाने वाटता?"

"नाही."

"मग?"

तिने ते सर्व बाद केले. उरलेला हिवाळा पुन्हा पिंजौर.

हे पत्र उद्या टाकतो.

सोमवार, ११ जानेवारी

शनिवारच्या बंदमुळे पत्र घरातच राहिले. आज पुन्हा वाचले. हाताखालच्या माणसाने असा अहवाल आणला असता, तर मी शेरा मारला असता : लिहिले ते बरोबर, परंतु अपुरे.

दादा, कुलवंत हयात नाही. नोव्हेंबरमध्ये ती भावाच्या साखरपुड्यासाठी गावी निघाली होती. तिथल्या बसस्टँडवर बाकाखाली कोणी बाँब ठेवला होता. तुम्हाला कळवले नाही, कारण तुम्ही पुढच्या गाडीने नयनाला न्यायला आला असता, आणि त्या दिवसांत मी तिला पाठवलेही असते.

तिच्या घरी भोगाला, म्हणजे आपल्याकडच्या तेराव्यासारख्या विधीला, आम्ही तिघे गेलो. तिच्या आईने नयनाचा हात धरून ठेवला. "कम्म अधूरा ना छड्डीं, पुत्त," काम अर्धवट सोडू नकोस, एवढेच म्हणाली. निघताना शशिकलेच्या हातात एक गाठोडे दिले. आत कुलवंतच्या पांढऱ्या ओढण्या होत्या. "कहती थी, आंटी थैलियों के लिए कपड़ा ढूँढती रहती हैं."

शशिकलेने त्या चार दिवस देवघरात ठेवल्या. पाचव्या दिवशी मशीन काढले. नाक्यावर उलट्या केल्या त्या पिशव्या ह्या.

नाक्यावरून परतलो त्या रात्री जेवताना मी नयनाला म्हटले होते की बाद केलेल्यातल्या थोड्या उवा धरल्या तरी कोणाला कळणार नाही. ती म्हणाली, "कुलवंतच्या खऱ्या अर्ध्याला माझा खोटा अर्धा जोडू?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. सकाळी जाऊन बदलीचा अर्ज दिला.

मला भीती वाटत नाही असे लिहिणार नाही. बसमध्ये मी तिला खिडकीजवळ बसू देत नाही, आणि बाकाखाली वाकून पाहिल्याशिवाय स्वतः बसत नाही. तरी काल आम्ही गेलो. नयनाने बरोबर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेतला होता. शिपाई तोच होता.

"आओ जी, कौओं वाले."

नयनाने त्याच्या हातात पहिला कागद दिला. "एक थैली, एक अख़बार. फिर वापस उसी में."

त्याने एकवार माझ्याकडे पाहिले, मग मांडी घालून बसला आणि एक पिशवी, एक कागद असे सगळे तपासले. गाठी नयनाने मारल्या. बसमधले लोक कुरकुरले; तो म्हणाला, "पढ़ाई है, सबर करो." पाच डोमकावळ्यांच्या उवा जिवंत पोचल्या.

विश्वासच्या घरी हे सर्व जसेच्या तसे सांगा. ते वर्षभर थांबले तर आनंद आहे. न थांबले तर त्यांना दोष देऊ नका. निबंध छापला जाईल तेव्हा कुलवंतचे नाव पहिले असेल आणि नयनाचे दुसरे. हे नयनाने ठरवले आहे. मला फक्त सांगितले.

परक्या मुलखात पाहुण्याने वेळेवर निघावे, असे तुम्ही लिहिले आहे. ऊ एखाद्या पक्ष्यावर चुकून आलेली की तिथलीच, हे ठरवताना नयना पिसावर लिखा, म्हणजे तिची अंडी, शोधते. लिखा चिकटलेल्या सापडल्या की तिला पाहुणी म्हणत नाहीत. दादा, कुलवंतच्या ओढण्यांची ती मलमल दर आठवड्याला आमच्या दोरीवर वाळते आहे. मी आणखी काय लिहू?

तूर्त इथलाच,
तुमचा धाकटा भाऊ
दिगंबर