बेवारस नसलेलं धान

ता. ४ डिसेंबर ५३. प्राणहितेचा घाट
भावाला, गोविंदाला, ब्रह्मपुरीला कार्ड टाकलं. तुझा दमा कसा आहे? सूनबाईचा ताप उतरला का? माझ्या घरचीचा गुडघा? म्हातारी म्हैस चारा खाते की नुसती पाहते? सगळ्यांची तब्येत पुसली, माझी लिहायची राह्यली. बरी नाही. दुखत काही नाही, राग आहे.

आज लच्छक्काचं धान जप्त झालं. विधवा बाई. घर नदीपल्याड हैदराबाद राज्यात, वावर अल्याड आपल्याकडे. सासऱ्याच्या काळापासून पीक डोंग्यात घालून घरी नेते. यंदा हुकूम, परवान्याबिगर दाणा पार जायचा नाही. बाकीचे लोक खालच्या उतारातून, गुडघाभर पाण्यातून गुपचूप पोती नेतात. तिला मीच म्हटलं, "चोरावानी काऊन जातेस? घाटावरून ये, मी वहीत लिहून सोडतो." आली. चार पोती. नेमके नाक्याचे नवे साहेब खुर्चीवर.

"नाकेदार, तू बोलला म्हणून आले मी." एवढंच बोलली.
थोबाडीत मारली असती तर बरं होतं.

ता. ५
साहेबांना पटवाऱ्याचा कागद दाखवला. वावर तिचं, घाम तिचा. "परवाना चांद्याला मिळतो, आणावा." चांदा किती लांब, वाटेत जंगल किती, हे खुर्चीवरून कसं दिसणार? ज्याचं जळतं त्यालेच कळतं.
दुपारी एका व्यापाऱ्याच्या बारा गाड्या धान घेऊन पार. परवाना होता, शिक्का होता. सलाम मीच ठोकला. झडो हा हात.

ता. ९
पोती नाक्याच्या खोलीत. उंदीर फार. लच्छक्का रोज पहिल्या डोंग्यानं येते, दारात बसते. आज टोपलीत मांजर.
"हे काय बाई?"
"जप्ती तुमची. धान माझं. मांजर पण माझं. उंदीर कोणाचे, साहेबाले विचार."
मल्लय्या डोंगेवाला हसून लोळला. "मांजराले परवाना लागते का, नाकेदार?"
मीही हसलो. मग हसल्याचा राग आला. त्या पोत्यांत तिचं पुढल्या सालचं बियाणं आहे.

ता. १२
साहेबांनी मांजर पाहिलं. "पलीकडून आलं? नोंद कुठे आहे?"
केली नोंद. मांजर एक, करडं, लच्छक्काचं, कामावर. साहेब वाचून लालबुंद.

ता. १५
लिलावाचा हुकूम. येत्या सोमवारी. कागदात लिहिलंय, माल घाटावर बेवारस सापडला. खाली माझी सही पाहिजे.
बेवारस! मालकीण दारात बसून मांजराचे कान खाजवते, अन् माल बेवारस!
साहेब हळूच, "पेन्शनीला दीडच वर्ष राह्यलं ना तुमचं?"
दात इतके आवळले की दाढ अजून ठणकते.
लच्छक्काला सांगितलं. ती म्हणे, "तीन पोती घ्या. बियाण्याचं एक द्या. पोटाचं मी पाहीन."


ता. १८
शाळा पाहिली नाही मी. कोळशानं भिंतीवर अक्षरं गिरवून शिकलो. ती अक्षरं असं खोटं लिहायसाठी नव्हती. सहीच्या जागी लिहिलं, "माल बेवारस नाही. मालकीण दारात बसली आहे. तिला मीच बोलावलं होतं."
साहेब कागद घेऊन मोटारीनं चांद्याला गेले. सोमवारी येतील, माझा हुकूमही आणतील. खोलीची किल्ली मागितली होती. दिली नाही. कमरेला आहे. पोत्यांवर मांजर झोपलंय.

गोविंदाला दुसरं कार्ड. मी नोकरीबिगर घरी येईन, कदाचित. घरचीला आधी गुडघ्याचं पूस, मग हे सांग. काय बोलली ते जसंच्या तसं लिही, शिव्या असल्या तरी. सोमवारच्या आत डाक पोचत नाही, मले ठाऊक आहे. तरी लवकर लिही.