रांगेतले बूट

प्रिय धाकटे,

तू लिहिलंस, खुन्याला शिक्षा झाल्यापासून तुला पुन्हा झोप लागते. त्याचं अपील फेटाळलं की मी महिनाभर तुझ्याकडे राहायला यावं. वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. 

आपल्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवतात? प्रार्थनेच्या रांगेत चेहऱ्याआधी पाय बघायच्या. मोजा घसरलेला तुझा आणि बोलणी मला, थोरली म्हणून! पुढे शिक्षिका झाल्यावर मीही तीस वर्षं तेच केलं. रांग दिसली की नजर आधी बुटांवर.

परवा त्या माणसाचे वकील आले होते. मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते, पण उन्हातून आलेले, पाणी तरी द्यावं म्हटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, ओळखपरेडीत आठ जण होते. तुमची नजर याच्यावरच का थांबली?" मी खरं ते सांगितलं. सात जणांच्या बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या. याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. मला वाटलं, हा गबाळा, हाच तो. वकील हळूच म्हणाले, "कोठडीत नाड्या काढून घेतात, बाई. बाकीचे सात बाहेरून आणलेले."

धाकटे, तुझ्या घड्याळजींना मारून दुकानातून पळणारा माणूस मी जिन्यावरून पाहिला तो पाठमोरा, फार तर अर्धा गाल. बूट पाहिलेच नव्हते. पण परेडीत एकदा बोट दाखवलं, आणि आठवणीतल्या त्या पाठीला याचाच चेहरा चिकटला. कोर्टात मी शपथेवर ठासून सांगितलं. त्याची आई रडत म्हणत होती, "मला ताप होता हो, संध्याकाळभर तो माझ्या उशाशी होता." तू माझ्या कानात पुटपुटलीस, "आईच ती, दुसरं काय सांगणार!" मी मान डोलावली. निकालातही जवळजवळ तेच लिहिलं गेलं.

तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि हेच तेव्हा सांगायला हवं होतं.

काल मी तसं लिहून, सही करून वकिलांकडे दिलं. न्यायाधीश ते मानतील की म्हातारीचं मन फिरलं म्हणतील, कोण जाणे. सोमवारी सुनावणी आहे. घड्याळजींची बायको म्हणून तू पुढच्या बाकावर असशील, आणि मी त्या आईच्या शेजारी. परक्या माणसांच्या देखत तुला हे कळू नये, म्हणून आज लिहिलं. काम संपल्यावर मी कोर्टाच्या फाटकाशी थांबेन. तू माझ्याकडे न बघता निघून गेलीस तरी मला राग येणार नाही. पण मी थांबेन.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई