दोनशे बारा कॉलम आणि एक वार

गुरुवार, ९ जानेवारी. सकाळी १०.२०
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.
'विरळ' काल इंटरनेटवर टाकलं. ओपन सोर्स. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, सुधारावं. (सुधारण्यासारखं काही नाही.) एखाद्या गोष्टीमागे दोनशे कारणं असू शकतात. 'विरळ' त्यातल्या बिनकामाच्या कारणांना शून्य देतं आणि खरी दोन-चार तेवढी ठेवतं. अशी सॉफ्टवेअर आधीही आहेत. माझं वेगवान आहे.
आतापर्यंत तीन स्टार, म्हणजे आवडल्याच्या खुणा. एक माझा, एक बायकोचा, एक बाबांचा. दोघांची अकाउंटं मीच उघडली, पण स्टार तो स्टार.
रोज मूडचाही आकडा लिहिणार, दहापैकी. पुढेमागे त्यावरही 'विरळ' चालवता येईल.
लाईट गेली. लॅपटॉप १८ टक्के. वीजवाल्यांना काही ताळतंत्र नाही.
मूड: ५.

शुक्रवार, १० जानेवारी
ऑफिसात बॉस जयमाला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चाकणला ब्रेकचं कास्टिंग करणारा एक कारखाना आमचा क्लायंट. रिजेक्शन फार, कारण सापडत नाही. मॅडम म्हणाल्या, ओंकार, तुझ्या त्या सॉफ्टवेअरने शोधून दाखव. जमलं तर डेटा टीममध्ये कायम. नाही तर सपोर्ट डेस्क आहेच.
सहा वर्षं सपोर्ट डेस्कवर बसून लोकांचे पासवर्ड रिसेट करतोय. आनंद व्हायला हवा होता. झाला असावा.
घरी बाबांना सांगितलं. बाबा भोसरीत एका कंपनीत बत्तीस वर्षं लेथवर टर्नर होते. त्यांनी विचारलं, म्हंजी पासवर्डचं काम सुटलं का? म्हटलं, सुटल्यातच जमा.
मूड: ५.

मंगळवार, १४ जानेवारी
फाइल आली. दोन वर्षांच्या रोजच्या नोंदी, २१२ कॉलम. भट्टीचं तापमान, साच्याच्या वाळूचा ओलावा, ऑपरेटर, वार, सगळं. मधे मधे तारीख-वार सोडले तर अख्ख्या ओळी रिकाम्या. आपल्या लोकांत लिहून ठेवायची शिस्त नाही. आदल्या दिवसाचे आकडे खाली ओढून भरले. रिजेक्शनच्या जागी शून्य टाकलं. कुणी काही लिहिलं नाही म्हणजे काही झालं नाही.
तिळगूळ खाल्ला.
मूड: ५.

गुरुवार, १६ जानेवारी
लाईट नाही.
चाकणच्या प्लांटचे सुपरवायझर रंगराव यांचे दोन फोन. घेतले नाहीत. मग मेसेज: साहेब, फाइलीबद्दल सांगायचं व्हतं, येकदा प्लांटवर येऊन जावा. मी उत्तर दिलं, डेटाच बोलेल. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पटलं असावं.
संकल्प: तरीही पुढच्या आठवड्यात प्लांटवर जायचं.
तळवड्याच्या ऑफिसपासून चाकणपर्यंतचा ट्रॅफिक बघितला. संकल्प रद्द.
मूड: ५.

सोमवार, २० जानेवारी
वेगावर काम. आधी उत्तराला ०.४१ सेकंद लागत होते, आता ०.०९. भाग्यश्रीला दाखवलं. तिने विचारलं, चाकणसाठी किती वेळा चालवायचंय? म्हटलं, एकदाच. ती म्हणाली, मग वाचलेल्या वेळात गॅसचा नंबर लावा.
बायकोला ओपन सोर्सची दृष्टी नाही. नंबर लावायचा राहिला.
मूड: ५.

बुधवार, २२ जानेवारी. दुपारी ३.०५
सापडलं.
आधी २१२ पैकी नऊ कारणं उरली होती. नऊ म्हणजे काही विरळ नाही. कात्री आणखी चालवली. आठ गेली, एक उरलं. वार. गुरुवार.
दोन वर्षांत एकाही गुरुवारी एकही पीस रिजेक्ट नाही! एकही!
अंगावर काटा यायला हवा होता. वाट बघितली. मग चहा घेतला.
उपाय उघड आहे. जास्तीत जास्त उत्पादन गुरुवारी घ्यायचं. इतकी वर्षं एवढ्या इंजिनिअरांना हे दिसू नये, याचं वाईट वाटायला हवं.
मूड: ५.

गुरुवार, २३ जानेवारी
लाईट नाही, स्लाइड अडकल्या. बाबा म्हणाले, आरं आज गुरुवार, लाईट जायचीच. मी समजावलं, बाबा, योगायोगाला कारण समजायचं नसतं, डेटाचा पहिला नियम आहे. बाबा पेपर वाचायला लागले.
मूड: ५.

मंगळवार, २८ जानेवारी
चौदा स्लाइड तयार. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत फक्त 'गुरुवार'. निळा शर्ट इस्त्रीला दिला. टाळ्या वाजल्या तर मान किती झुकवायची, ते आरशात ठरवलं. थोडीच.
मूड: ५.

बुधवार, २९ जानेवारी
चाकण. प्लांट हेड, मॅडम, रंगराव आणि मी. चौदाही स्लाइड झाल्या. टाळ्या नाहीत. शेवटी रंगराव अगदी हळू म्हणाले, साहेब, गुरुवारी कंपनी बंद असती. एमआयडीसीची सुट्टी. त्या रिकाम्या ओळींचंच सांगायला फोन केलता.
मग म्हणाले, वाळू ओली येती. सहा महिनं सांगतोय आमी.
प्लांट हेडनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.
परतल्यावर तळवड्याला गाडीतून उतरताना मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून सपोर्ट डेस्क.
घरी येऊन कापलेली आठ कारणं काढून बघितली. पहिलंच होतं वाळूचा ओलावा. म्हणजे 'विरळ'चं काही चुकलं नव्हतं, एवढी नोंद करून ठेवतो.
मूड: ५.

गुरुवार, ३० जानेवारी. सकाळी ११
लाईट नाही.
बाबांनी विचारलं, काल काय झालं. सगळं सांगितलं, गुरुवारसकट. हसतील वाटलं. हसले नाहीत. म्हणाले, खरं हाय की. बत्तीस वर्षांत गुरुवारी माझाबी येक पीस रिजेक्ट न्हाई.
थोड्या वेळाने म्हणाले, तुला सायकलवर पुढं बसवून शाळंत सोडायचो, ते कुठल्या वारी, आठवतंय का?
आठवलं. आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस मी चालत जायचो. पहिलीपासून चौथीपर्यंत बुधवारी संध्याकाळपासून त्या एका वाराची वाट बघायचो.
बाबा म्हणाले, पासवर्डचं काम वंगाळ न्हाई. लोकांचं आडलेलं सुटतं.
वाईट वाटलं. खरंच वाटलं, 'वाटायला हवं होतं' असं नाही. बाबांना दिसू नये म्हणून गॅसचा नंबर लावायला आत गेलो. नंबर लागला.
मूड: ५ लिहिलं होतं. खोडलं.
मूड: २.