शिरीषाला सांगायचं राहिलं

ठाकुर्ली,
ता. ११ डिसेंबर २०२४

सौ. हौसा हिस,

तुझ्या नावाच्या मागेपुढे काय लिहावं यात माझा पाऊण तास गेला. छत्तीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ आली नाही आणि नावाने हाक मारायची सवय नाही. शेवटी रेशनकार्डावर आहे तसं लिहिलं. मी खुशाल आहे. तू, वैशाली, सुदेशराव, सान्वी आणि आपला नवा नातू, सगळे बरे असाल असं धरून चालतो. बाळाला तेल लावायला म्हणून पंधरा दिवसांसाठी तू लेकीकडे खोपटला गेलीस, त्याला आता तीन महिने होतील. बाळ चांगलंच तेलकट झालं असेल.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू “जेवलात का” विचारतेस, मी “हो” म्हणतो आणि तू फोन सान्वीच्या हातात देतेस. मग सान्वी मला तिच्या शाळेतल्या मांजराचं सांगते. ते मांजर आता मला तोंडपाठ झालंय, पण तुझं काहीच कळत नाही. पत्र तरी तुला सान्वीच्या हातात देता येणार नाही, कारण माझं अक्षर तिला लागायचं नाही.

इकडचं सांगतो. चाळीतलं पाणी आता सकाळी सहाला येतं. शेजारची तुळसा वहिनी दोन्ही वेळची भाजी देते, पण तिच्या भाजीत गूळ असतो, तो मी गुपचूप गिळतो. आपल्या हिंगाची डबी सापडत नाही.

मशीनचं तुला ऐकायचं नसेल, तरी सांगतो. स्वस्तातली, मोबाईलवरून मागवलेली म्हणून तू नाक मुरडलंस, पण काम करते. आपण दोघं करवतीच्या दोन मुठी धरून सकाळपासून जेवणवेळेपर्यंत जो बुंधा उतरवायचो, तो ती चहा निवायच्या आत उतरवते. सध्या हळदींचे दिवस आहेत. भोपरपासून दिव्यापर्यंत मांडव पडलेत, एकेका हळदीच्या जेवणाला टेम्पोभर लाकूड लागतं. वखारवाला शेठ खूश आहे. मशीनची खोड म्हणजे तासाभरात चेन बोथट होते, मग कानस घेऊन एकेक दात घासत बसावं लागतं. तेल गळतं. सुरू करायची दोरी दोनदा तुटली. आणि आवाज एवढा की कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहता येत नाही.

सध्या ती दुरुस्तीला दिली आहे, म्हणून मी घरी आहे आणि घरी आहे म्हणून हे पत्र. डावा पाय थोडा धरलाय, थंडीचं असेल.

तू यायची घाई करू नकोस. लेकीला गरज आहे, राहा. मला इथे काही कमी नाही. फक्त दुपारी चारच्या सुमाराला घर फार मोठं वाटतं. दहा बाय बाराची खोली आहे, तरी.

हे पत्र तानाजीच्या हाती पाठवतो. तो टेम्पो घेऊन ठाण्याला निघालाच आहे. त्याला काही विचारत बसू नकोस, तो काहीही बडबडतो.

वैशालीचे बाबा

*

ठाकुर्ली,
ता. १९ जानेवारी २०२५

हौसा,

पहिल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. तानाजीला खोदून विचारलं, तर म्हणाला, “वहिनींनी पत्र घेतलं, पदराने पुसलं आणि आत नेऊन ठेवलं. चहा मात्र चांगला दिला.” यातून मी काय समजायचं?

त्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. मशीन दुरुस्तीला नव्हती. मी होतो.

२९ नोव्हेंबरला कोपरला एका जुन्या सोसायटीच्या आवारातला शिरीष उतरवायचा होता. जुनी इमारत पाडून नवी व्हायची होती, झाडाच्या परवानगीचा कागद आलेला होता. तिघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. मशीनची चेन जिच्यावर फिरते ती पट्टी त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हती. म्हटलं, दोन्ही बाजूंनी कापू. झाड पाडायचं त्या अंगाला खाच घेतली आणि मागून कापायला लागलो. थोडं आत गेल्यावर मशीन एकदम हलकी चालायला लागली. लाकूड मऊ निघालं म्हणून मी मनात खूश झालो. पण तिथे लाकूडच नव्हतं, बुंधा आतून पोकळ होता.

तानाजी दोर धरून लांब उभा होता. तो ओरडत होता म्हणे, पण माझ्या कानात बोळे. झाड मागच्या मागे बसलं आणि पट्टी त्यात अडकली. तेव्हा मशीन तिथेच टाकून पळायचं सोडून मी ती ओढत बसलो, नवी वस्तू जाईल म्हणून. बुंधा सरकला आणि माझ्या डाव्या घोट्यावर आला. हाड दोन ठिकाणी मोडलं. नऊ दिवस इस्पितळात होतो, मग घरी प्लास्टर. ते परवा निघालं. आता काठी घेऊन नाक्यापर्यंत जाऊन येतो. म्हणजे काळजीचं काही उरलेलं नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

तुला कळवलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस. मला ठाऊक आहे. आणि तू पायासाठी यायला मला नको होतं.

पडून पडून माणूस विचार करतो. मी एकच गोष्ट आठवत होतो. आपल्याकडे कुठलंही मोठं झाड तोडायचं असलं की आदल्या दिवशी संध्याकाळी तू जायचीस. हळदकुंकू लावायचीस, बुंध्यापाशी नारळ फोडायचीस आणि झाडाला सांगून यायचीस, उद्या आम्ही येतोय, राग धरू नकोस. मी टेम्पोपाशी तंबाखू मळत उभा राहायचो आणि तू कधी येतेस त्याची वाट बघायचो. परत आल्यावर कधीकधी तू म्हणायचीस, “हे उद्या नको. ह्याला वरून फांद्या उतरवत उतरवत आणा.” मी विचारायचो, का? तू म्हणायचीस, “ते नाही म्हणतंय.” मी कपाळावर हात मारायचो, पण ऐकायचो, कारण तुझ्याशी वाद घालत करवत ओढता येत नाही.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तू पूजा करतेस. पण तू झाडाला पूर्ण फेरी मारायचीस. बुंध्यावर चहूबाजूंनी थापा मारायचीस. मुळाशी बसून मुंग्या कुठून बाहेर येतात ते बघायचीस, वर पाहून वाळलेला शेंडा कुठे झुकलाय ते बघायचीस. जे झाड “नाही” म्हणायचं, ते दर वेळी आतून खाल्लेलं निघायचं. तू झाड तपासत होतीस, हौसा. मला हे इस्पितळातल्या पंख्याकडे बघताना कळलं. मशीन आल्यावर मी म्हटलं, आता कसली पूजा, आणि शिरीषाला सांगायला कुणी गेलंच नाही.

आता मुख्य सांगायचं ते. तीन ओळी खोडल्या, तेवढ्या वाचायचा प्रयत्न करू नकोस.

मशीन आली त्याच आठवड्यात, ठाकुर्लीच्या नाल्याकाठचा तो आंबा. मी मशीन सुरू केली आणि तू पलीकडून बुंध्याला हात लावून उभी राहिलीस. करवत चालू असताना राहायचीस तशीच. तुला हाताला कळायचं, अजून किती ओढी राहिल्यात. मी ओरडलो, “बाजूला हो. आता तुझं काय काम इथं? घरी जा.” शेठची माणसं उभी होती. त्यांतला एक हसला. मीही हसलो.

तू हात काढून घेतलास, साडीवरचा भुसा झटकलास आणि टेम्पोतली आपली करवत फडक्यात गुंडाळून घेऊन गेलीस. संध्याकाळी रोजच्यासारखी भाकरी केलीस. मी समजलो, विसरलीस. चार दिवसांनी तू खोपटला जायची पिशवी भरलीस, तेव्हाही मी समजलो की बाळासाठीच.

तेवीस वर्षं तू दुसरी मूठ धरलीस. थोरल्या भावाने काम सोडलं तेव्हा शेठ म्हणाला होता, बाईमाणसाचं हे काम नाही, आणि तू काही न बोलता पदर खोचलास. पहिल्या दिवशी मीच तुला शिकवलं, आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही, ढकललं की पातं वाकतं. आणि चारचौघांत मीच तुला ढकललं. माझं चुकलं. तोंडाने म्हणायला मला जमलं नसतं, म्हणून लिहितो.

मशीन टाकून देईन असं म्हणणार नाही. ते खोटं होईल, पोट तिच्यावर आहे आणि आता आपलं वयही करवतीचं राहिलं नाही. पण झाडाला सांगायला जायचं काम तुझं, आणि तू “नाही” म्हणालीस तर मशीन टेम्पोतून उतरणार नाही. हे तानाजीसमोर बोललोय, तो साक्षीला आहे.

पायाला आता तुझी गरज नाही. मला आहे. तुझी फार आठवण येते. जेवताना येते, कानस घासताना येते, आणि चाळीतल्या दुसऱ्या कुणाच्या बांगड्या वाजल्या तरी येते. ये म्हणायचा हक्क मला उरलाय का, ते तू सांग.

मारुती

*

खोपट, ठाणे,
ता. २४ जानेवारी

वैशालीच्या बाबांना नमस्कार.

वर काय लिहू म्हणून सान्वीला विचारलं, तर ती म्हणाली, “आजी, नुसतं हाय लिही.” म्हणून नमस्कारच बरा. इथे सगळे बरे आहेत. बाळ तेलकट नाही, गुटगुटीत आहे. हिंगाची डबी सापडणार कुठून, हिंग मी जायच्या आधीच संपला होता.

पायाचं मला माहीत आहे. तानाजी भावजींनी त्याच दुपारी सुदेशरावांना फोन केला होता. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात आले. तुम्ही इंजेक्शनच्या झोपेत होतात, तोंड उघडं, दाढी वाढलेली. मी स्टुलावर दोन तास बसले. तुमची नखं वाढली होती, ती कापली. तुम्ही झोपेतच कूस बदलायला लागलात, डोळे उघडणार असं दिसलं, तशी मी उठले आणि बाहेर आले. भावजींना शपथ घातली की सांगायचं नाही.

का उठले ते मलाही तेव्हा नीट कळलं नाही. जिन्यावर बसून रडले. तुम्ही जागे झाला असतात तर म्हणाला असतात, आलीस का, बरं झालं, पाणी दे. मी पाणी दिलं असतं. मग प्लास्टर, मग औषधं, मग तुमचं बरं होणं, आणि नाल्याकाठचं ते बोलणं तसंच आपल्या दोघांत राहिलं असतं. मी मेले असते तरी तुम्ही ते काढलं नसतं. म्हणून दगड झाले आणि परत इकडे आले. नऊ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, तेवढं मात्र खरं.

पहिल्या पत्रात सगळी मशीनच होती. मशीनला मी काय उत्तर देणार? दुसरं पत्र तीनदा वाचलं. वैशालीने मागितलं, तिला दिलं नाही. खोडलेल्या तीन ओळी उजेडाला धरून वाचल्या. ते तुम्ही खोडायला नको होतं.

मलाही करमत नाही. लेकीचं घर कितीही चांगलं असलं तरी इथे माझ्या हाताला काम कमी आणि बसायला जागा जास्त. रस्त्याकडेला एवढी झाडं आहेत, येताजाता मी त्यांना थापा मारते, सान्वीला लाज वाटते.

आता ये म्हणायच्या हक्काचं. लग्नानंतर पहिल्या पंचमीला मी माहेरी गेले, तेव्हा मला न्यायला तुमचे थोरले भाऊ आले. वैशालीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणानंतर सासूबाई आल्या. माझी आई गेली, तेव्हा तेरावं झाल्यावर मी एकटीच निघून आले, दोन गाड्या बदलून. दर वेळी तुमचं कुठलं तरी झाड अर्धं कापलेलं असायचं. मी कधी बोलले नाही. पण दर वेळी निघायच्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष दाराकडे असायचं. वहिन्या चेष्टा करायच्या, मी हसायचे. छत्तीस वर्षांत तुम्ही एकदाही मला न्यायला आला नाहीत.

मी आपली आपण येणार नाही. पायाची घाई करू नका, महिना लागू दे, दोन लागू देत. पाऊल नीट टेकायला लागलं की दाढी करून, धुतलेला सदरा घालून एसटीत बसा. खोपटचा डेपो आला की उतरा आणि समोरच्या पानवाल्याला सुदेशरावांचं घर विचारा. तानाजी भावजींना पाठवू नका.

मला न्यायला या.

दाराकडे लक्ष असलेली,
तुमची हौसा