सारस, जोडी एक

१२ जानेवारी १९८८, सकाळी ७
बारवी धरणामागच्या दलदलीत सारसांची जोडी! इथे आजवर कुणी सारस पाहिलेला नाही. पाहणारा वनरक्षक लागतो. रजिस्टरात लिहिलं : 'सारस, जोडी एक.'
सरस्वती अंबरनाथला माहेरी गेली, त्याला आज बासष्ट दिवस. चौकीत शांतता आहे. शांततेत माणसाच्या हातून काम होतं. उद्यापासून करणार.

१५ जानेवारी
नर ताठ, लाल डोक्याचा. मादी कायम त्याच्या पायाशी, मान खाली. सकाळभर एकदाही उलट बोलली नाही. याला म्हणतात संसार. जवळ जाणार होतो, पण चिखल. शिवाय पक्ष्यांना त्रास नको.

२१ जानेवारी
वारा सुटला की मादी गायब, पडला की हजर. माहेरी जात असणार. पण परत येते, मुद्दा तो.
भात करपला. तांदूळच रेशनचा.

२ फेब्रुवारी
वाडीवरच्या देऊला, आमच्या वॉचमनला, जोडी दाखवली. हसला. म्हणाला, "सायेब, जवल जाऊन बगा ना." अडाणी. बायको रोज गरम डबा आणते, त्याला निरीक्षणाची सवय कुठून लागणार?

१२ फेब्रुवारी
सरस्वतीला पत्र. पुढच्या रविवारी येऊन जोडी बघून जा, शिकण्यासारखं आहे. खाली 'आठवण येते' लिहिलं. खोडलं. खाडाखोड बरी दिसेना, म्हणून नवीन कागद घेतला.

२१ फेब्रुवारी, रविवार
आली. काहीही झालं तरी 'थांब' म्हणायचं, असं पक्कं ठरवलं होतं. जोडी दाखवली. साडी वर खोचून ती सरळ चिखलात उतरली. परत येऊन म्हणाली, "अहो, मादी कुठली? पाण्यात त्याचीच पडछाया आहे."
उन्हामुळे तसा भास होतो, असं मी समजावलं. खोचलेली साडी सोडत ती म्हणाली,
"त्याला तरी माहीत असेल, आपण एकटे आहोत ते."
मग करपलेलं पातेलं घासून तिने तीनची एसटी धरली. स्टॉपपर्यंत मी तिला सारसांच्या सवयी सांगत होतो. 'थांब' राहिलं. विषयच निघाला नाही.

२२ फेब्रुवारी
सकाळी चिखलात उतरलो, गुडघाभर. सारस उडाला. पाणी स्थिर झालं तेव्हा त्यात मी होतो, मान खाली.
रजिस्टरात 'जोडी' खोडली. फार एकटं वाटतंय.
सरस्वतीला पत्र लिहिलं. एकच शब्द : 'ये.' खोडला नाही.
टपालात उद्या टाकतो. आज पाय चिखलाचे आहेत.